शाळेतील छायाचित्रे : नकल, नोंद व जतन

शाळेच्या दप्तरात पूर्वी छायाचित्र क्वचितच असे. स्नेहसंमेलनाच्या किंवा पाहुण्यांच्या भेटीच्या निमित्ताने तालुक्याच्या गावाहून छायाचित्रकार येई, मुलांना तीन रांगांत बसवी, मध्ये गुरुजींची खुर्ची मांडी, आणि पंधरवड्याने पुठ्ठ्यावर चिकटवलेले एक चित्र कार्यालयाच्या भिंतीवर लागे. ते धुरकट होई, त्याच्या कडा कसर खाई. तरी तीस-चाळीस वर्षे ते तेथेच राही, आणि गावातील कोणी प्रौढ मनुष्य शाळेत आला की त्या चित्रापाशी थांबून स्वतःचा बालपणीचा चेहरा शोधी.

आज स्थिती उलट झाली आहे. ध्वजवंदन, परिसरभेट, वृक्षारोपण, पोषण आहार, पालकसभा, बाळांचा प्रवेशोत्सव, अशा प्रत्येक प्रसंगाची छायाचित्रे निघतात. एका लहान शाळेतही वर्षाकाठी हजार-दोन हजार चित्रे सहज जमतात. तथापि पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या कार्यक्रमाचे एक चित्र कोणी मागितले तर ते मिळेलच अशी खात्री फार थोड्या शाळांना देता येईल. कोणते चित्र बदलून गेलेल्या शिक्षकांच्या मोबाइलमध्ये राहिलेले असते, कोणते कार्डावरून पुसले गेलेले असते, तर कोणते हजारो चित्रांच्या ढिगात असूनही सापडत नाही. चित्रे वाढली; त्यांचे दप्तर मात्र झाले नाही. हे दप्तर कसे सिद्ध करावे, कॅमेऱ्यातील चित्रे टॅब्लेटमध्ये कशी आणावीत, ती आली याची खात्री कशी करावी आणि मुलांना या कामात कसे सामील करून घ्यावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

एक प्रसंग

नमुन्यादाखल पुढील प्रसंग कल्पावा. असा प्रसंग कोणत्याही शाळेत घडू शकतो.

एक द्विशिक्षकी शाळा आहे. तिच्या जुन्या कौलारू इमारतीच्या निर्लेखनास मंजुरी मिळाली असून उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पाडली जाणार आहे. एप्रिल महिन्यात शिक्षकांनी चौथीच्या मुलांच्या हाती शाळेचा छोटा कॅमेरा दिला आणि इमारतीची चित्रे काढविली. भिंतीतच सारवून काळा केलेला फळा, तुळईवर खडूने लिहिलेली कोण्या काळच्या मुलांची नावे, दाराच्या चौकटीवर उंची मोजून ओढलेल्या रेघा, आणि ओट्यावर येऊन बसलेली, याच शाळेत बाराखडी शिकलेली चार म्हातारी माणसे, अशी दीडशेच्या वर चित्रे झाली. शिक्षकांनी कॅमेऱ्यातील कार्ड काढून कार्ड रीडरच्या साहाय्याने टॅब्लेटला जोडले. चित्रे पडद्यावर आली. मुलांनी ती एकेक करून पाहिली, हसली, पुन्हा पाहिली. चित्रे टॅब्लेटमध्ये आली असे समजून शिक्षकांनी कार्ड परत कॅमेऱ्यात घातले, आणि १ मे रोजी ध्वजवंदन व निकाल यांची चित्रे काढावयाची म्हणून ते पुसून मोकळे केले.

जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा इमारतीच्या जागी मोकळे मैदान होते. नव्या इमारतीच्या भिंतीवर लावण्यासाठी जुन्या इमारतीची चित्रे हवी म्हणून टॅब्लेट उघडला, तो त्यात एकही चित्र नव्हते.

या प्रसंगी आळस कोणीही केला नव्हता. शिक्षकांनी कॅमेरा वेळेवर आणला, मुलांकडून काम करवून घेतले, कार्डही जोडले. चुकीचा होता तो एकच समज : पडद्यावर दिसले म्हणजे टॅब्लेटमध्ये आले. कार्ड रीडर ही एक खिडकी आहे. खिडकीतून शेजाऱ्याच्या घरातील धान्य दिसते म्हणून ते आपल्या कणगीत पडत नाही. ते आणावे लागते, आणि आणल्यावर मापून घ्यावे लागते.

चित्र, कार्ड आणि रीडर

डिजिटल छायाचित्र म्हणजे ठिपक्यांचा हिशेब होय. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने हातात उचलता येईल असा डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याच्या चित्रात १०० आडव्या व १०० उभ्या रांगा, म्हणजे एकूण १०,००० ठिपके असत, आणि ते चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज साध्या कॅमेऱ्याच्या चित्रातही ४,००० गुणिले ३,०००, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या तीन रंगांसाठी तीन बाइट धरले तर असे चित्र ३६ मेगाबाइटांचे व्हावे. परंतु १९९२ साली प्रमाणित झालेल्या जेपेग पद्धतीने, म्हणजे ज्या फाइलींच्या नावापुढे जेपीजी अशी अक्षरे दिसतात त्या पद्धतीने, हा हिशेब आटोपशीर करून लिहिला जातो आणि फाइल साधारण ३ ते ५ मेगाबाइटांत बसते. चित्रामागे ४ मेगाबाइट धरल्यास ३२ गिगाबाइटांच्या कार्डात सुमारे ८,००० चित्रे राहू शकतात. कार्ड लवकर भरते म्हणून पुसावे लागते, ही सबब छायाचित्रांपुरती बहुधा खरी नसते. ते भरते व्हिडिओंमुळे.

कॅमेऱ्यात जे टपाल तिकिटाएवढे चौकोनी कार्ड असते त्यास एसडी कार्ड म्हणतात. मोबाइल व टॅब्लेटमध्ये नखाएवढे मायक्रो एसडी कार्ड बसते. हे लहान कार्ड मोठ्या आकाराच्या खोक्यात, ज्यास ॲडॅप्टर म्हणतात, बसवून कॅमेऱ्यातही वापरता येते. ज्या शाळेच्या टॅब्लेटला कार्डाची खाच आहे तिने कॅमेऱ्यासाठी असे ॲडॅप्टरसह लहान कार्ड घेतले तर निराळ्या रीडरची गरजही उरत नाही. मात्र येथे एक सापळा आहे. ॲन्ड्रॉइड पद्धतीच्या काही टॅब्लेटांत नवे कार्ड घालताच ते ‘पोर्टेबल स्टोरेज’ म्हणून वापरावयाचे की टॅब्लेटचाच अंतर्गत भाग म्हणून, असे विचारले जाते. दुसरा पर्याय निवडला की कार्ड प्रथम साफ पुसले जाते, आणि पुढे ते अन्य कोणत्याही यंत्रात वाचता येत नाही. येथे नेहमी ‘पोर्टेबल’ हाच पर्याय घ्यावा.

टॅब्लेटला खाच नसेल तर कार्ड रीडर घ्यावा लागतो. तो घेताना टॅब्लेटच्या चार्जिंगचे तोंड पाहून घ्यावे. जुन्या टॅब्लेटांना मायक्रो यूएसबीचे एका बाजूने निमुळते तोंड असते. नव्यांना टाइप-सी हे दोन्ही बाजूंनी सारखे, लांबट गोल तोंड असते. रीडर जोडूनही काही दिसत नसेल तर टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये ओटीजी हा पर्याय बंद आहे काय ते पाहावे. काही टॅब्लेटांत तो हाताने चालू करावा लागतो. टॅब्लेटची बॅटरी अगदी उतरली असतानाही रीडर चालत नाही, कारण रीडरला लागणारी वीज टॅब्लेटच पुरवीत असतो.

मोठी कार्डे जुन्या यंत्रांना वाचता येत नाहीत, हेही माहीत असावे. ३२ गिगाबाइटांपर्यंतच्या कार्डाची आतील मांडणी बहुतेक सर्व यंत्रांना कळते. त्याहून मोठ्या कार्डांची मांडणी निराळी असते, आणि एखादा जुना टॅब्लेट अशा कार्डास ‘बिघडलेले’ ठरवून ते फॉरमॅट करण्याची परवानगी मागतो. ती देऊ नये. कार्ड बिघडलेले नसते. टॅब्लेटला त्याची लिपी वाचता येत नसते, इतकेच. ग्रामीण शाळेच्या कामास ३२ गिगाबाइटांचे कार्ड पुरेसे असून तेच घेणे शहाणपणाचे आहे.

नकल घेणे व ताडून पाहणे

एसडी कार्डाच्या डाव्या कडेस एक बारीक खिट्टी असते. ती खाली ओढली की कार्डास कुलूप लागते : चित्रे वाचता येतात, पण पुसता येत नाहीत. लहान कार्ड ॲडॅप्टरमध्ये असेल तर ही खिट्टी ॲडॅप्टरवर असते. कार्ड कॅमेऱ्यातून काढताच प्रथम ही खिट्टी खाली ओढण्याची सवय लावून घ्यावी. मुलांच्या हाती टॅब्लेट असताना चुकून होणारे बहुतेक अपघात एवढ्या एका कृतीने टळतात. कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांना बोट मात्र लावू देऊ नये.

कार्ड जोडल्यावर टॅब्लेटमधील ‘फाइल्स’ हे ॲप उघडावे. गॅलरी उघडू नये. कारण गॅलरी चित्र दाखविते, ते कोठे ठेवले आहे हे सांगत नाही, आणि वरील प्रसंगातील घोटाळा नेमका तेथेच होतो. कार्डावर डीसीआयएम नावाचा फोल्डर आढळेल. कॅमेरा कोणत्याही कंपनीचा असो, चित्रे याच फोल्डरमध्ये असतात, कारण कॅमेरे तयार करणाऱ्यांनी १९९८ साली ठरविलेल्या एका समान नियमास अनुसरून ती तेथे ठेवली जातात. त्याच्या आत १०० पासून सुरू होणाऱ्या क्रमांकांचे उपफोल्डर आणि त्यांत चार अक्षरे व चार अंक अशा नावांची चित्रे असतात.

प्रथम टॅब्लेटमध्ये एक नवा फोल्डर करावा आणि त्यास त्या दिवसाचे नाव द्यावे. मग कार्डावरील चित्रे निवडून ‘कॉपी’ हा पर्याय घ्यावा. ‘मूव्ह’ घेऊ नये. कॉपी म्हणजे नकल; मूळ जागच्या जागी राहते. मूव्ह म्हणजे स्थलांतर; नकल होताच मूळ पुसले जाते, आणि मध्येच रीडर हलला किंवा बॅटरी संपली तर चित्रे ना घरची ना घाटची होण्याचा संभव असतो. रीडरवरील दिवा लुकलुकत आहे तोवर कार्डास हात लावू नये.

प्रत्येक वेळी नवा फोल्डर करावा असे म्हणण्यास कारण आहे. कॅमेऱ्याचे क्रमांक ९९९९ पर्यंत जाऊन पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. काही कॅमेऱ्यांत तर कार्ड साफ केले की लगेच ०००१ येतो. म्हणजे जुलैमधील वृक्षारोपणाचे पहिले चित्र आणि जानेवारीतील क्रीडास्पर्धेचे पहिले चित्र यांचे नाव एकच असू शकते. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये घालू गेल्यास टॅब्लेट विचारतो की जुन्याच्या जागी नवे ठेवावे काय. घाईत ‘होय’ म्हटले गेले की वृक्षारोपण गेले.

नकल पूर्ण झाली असा संदेश आला तरी काम संपत नाही. कार्डावरील फोल्डरात किती चित्रे आहेत आणि नव्या फोल्डरात किती आली, हे आकडे ताडून पाहावेत. दोन्हींचा एकूण आकार मेगाबाइटांत पाहावा. संख्या जुळली पण आकार जुळला नाही तर एखादी फाइल अर्धवट उतरली आहे असे समजावे. त्यानंतर ‘इजेक्ट’ करून कार्ड काढून बाजूला ठेवावे, आणि कार्ड बाहेर असताना टॅब्लेटमधील पहिले, मधले व शेवटचे चित्र उघडून बोटांनी मोठे करून पाहावे. केवळ यादीतील लहान प्रतिमा पाहून समाधान मानू नये, कारण कार्ड काढल्यावरही अशा लहान प्रतिमा काही काळ पडद्यावर राहतात. चित्र मोठे करताच मुलाच्या शर्टाची गुंडी स्पष्ट दिसली तर ते खरोखर आले.

ज्या शाळांना देणगीदारांकडून आयपॅड मिळाले आहेत त्यांनी इतके ध्यानात ठेवावे की तेथे ‘फोटो’ ॲपमध्ये चित्रे आयात झाल्यावर कार्डावरील मूळ चित्रे पुसावीत की ठेवावीत असे विचारले जाते. उत्तर नेहमी ‘ठेवावीत’ असे द्यावे. कॅमेऱ्यातून बिनतारी पद्धतीनेही चित्रे पाठविता येतात. पण काही कॅमेरे या रीतीने चित्र लहान करून पाठवितात, म्हणून शाळेच्या मूळ संग्रहासाठी कार्ड हेच बरे.

कार्ड केव्हा पुसावे? नकल दोन निरनिराळ्या ठिकाणी झाली आणि नोंदवहीत सही पडली म्हणजे. पुसणे ते टॅब्लेटवर न करता कॅमेऱ्यातील फॉरमॅटच्या पर्यायाने करावे. चुकून आधीच पुसले गेले तर घाबरून जाऊ नये, आणि त्या कार्डावर एकही नवे चित्र काढू नये. पुसल्याने बहुधा अनुक्रमणिका नाहीशी होते, मजकूर काही काळ तसाच राहतो, आणि जाणकाराकडून तो परत मिळण्याचा संभव असतो. वरील प्रसंगात १ मेची चित्रे त्याच कार्डावर काढली गेली नसती तर त्या चार म्हाताऱ्यांपैकी काहींचे चेहरे तरी कदाचित हाती लागले असते.

नाव व नोंद

मूल शाळेत येऊन बसले तरी जनरल रजिस्टरमध्ये त्याचे नाव चढल्याखेरीज ते पटावर येत नाही. चित्राचेही तसेच आहे. यंत्राने दिलेल्या ‘डीएससी ०४३७’ या नावावरून कोणास काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक शैक्षणिक वर्षाचा एक फोल्डर, त्यात प्रत्येक प्रसंगाचा एक फोल्डर, आणि त्याच्या नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग, अशी रीत ठेवावी. उदाहरणार्थ, ‘२०२५-०८-१५ ध्वजवंदन’. दिवस आधी लिहिण्याची आपली नित्याची सवय येथे अडचणीची ठरते. कारण यंत्र नावे डावीकडून लावते, आणि मग १ जानेवारी, १ ऑगस्ट व १ डिसेंबर शेजारी येऊन बसतात. वर्ष आधी लिहिले की फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने उभे राहतात. अंक मात्र सर्वत्र एकाच लिपीत असावेत. काही नावांत देवनागरी व काहींत इंग्रजी अंक घातले तर क्रम पुन्हा बिघडतो.

प्रत्येक चित्रास निराळे नाव देणे आवश्यक नाही. ते कोणाच्यानेही निभत नाही. प्रसंगातील निवडक पाच-सहा चित्रांस द्यावे आणि उरलेल्यांतून डोळे मिटलेली, हललेली, एकसारखी असलेली काढून टाकावीत. हे निवडण्याचे काम त्याच आठवड्यात व्हावे. वर्षाअखेर करू म्हटले की ते होत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. शनिवारी शाळा लवकर सुटल्यावरचा अर्धा तास यास पुरे.

चित्र केव्हा काढले हे फाइलीतच नोंदलेले असते, परंतु कॅमेऱ्यातील घड्याळ बरोबर असेल तरच. बॅटरी बरेच दिवस उतरलेली राहिली की पुष्कळ कॅमेऱ्यांचे घड्याळ मूळपदावर जाते आणि मग या वर्षीचे चित्र अनेक वर्षांपूर्वीच्या १ जानेवारीचे ठरते. कार्यक्रमाच्या दिवशी कॅमेरा हाती घेताच तारीख पाहणे हे पहिले काम होय.

याखेरीज एक साधी कागदी नोंदवही असावी. तीत अनुक्रम, दिनांक, प्रसंग, चित्रसंख्या, चित्रे कोणी काढली, नकल कोठे कोठे ठेवली आणि तपासणाऱ्याची सही, एवढे रकाने पुरेत. यंत्रातील वस्तूंची कागदावर नोंद कशासाठी, अशी शंका घेतली जाईल. यंत्र बंद पडले तर त्यात काय होते हे तरी कळावे, हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर बदलीचे आहे. शिक्षकांची बदली होते. त्यांच्यासमवेत त्यांचा मोबाइल जातो आणि मोबाइलसमवेत शाळेची चार-पाच वर्षे जातात. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. शाळेची चित्रे ही शाळेची वस्तू आहे असे कोठे लिहिलेलेच नसते, म्हणून असे घडते. कार्यभार देता-घेताना जडसंग्रह, रोकडवही, जनरल रजिस्टर यांच्या यादीत ‘छायाचित्र नोंदवही व तीत दाखविलेला संग्रह’ ही एक ओळ घातली की चित्रांचा ताबा शाळेकडे राहतो. स्वतःच्या मोबाइलवर काढलेली शाळेची चित्रेही आठवड्याच्या आत शाळेच्या टॅब्लेटमध्ये यावीत.

दोन ठिकाणी ठेव

एकच नकल म्हणजे नकल नसल्यासारखीच समजावी. टॅब्लेट चोरीस जातो, पावसाळ्यात छत गळते, मुलाच्या हातून यंत्र पडते. दुसरी नकल पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती त्याच कपाटात ठेवू नये. केंद्रशाळेत ठेवता आली तर उत्तम. कार्ड व पेन ड्राइव्ह यांत माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपाने राहते आणि वर्षानुवर्षे न वापरता ठेवल्यास तो भार क्षीण होत जातो. यास्तव जून व डिसेंबर महिन्यांत ती उघडून पाहावीत आणि काही वर्षांनी नव्या साधनावर नकल उतरवावी.

इंटरनेटवरील साठाही उपयोगी आहे. पण त्याचे दोन स्वभाव ओळखून असावे. गूगल फोटोजमध्ये चित्रे अमर्याद फुकट ठेवण्याची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली असून तेव्हापासून विनामूल्य मिळणारी जागा १५ गिगाबाइट आहे, आणि तीही ईमेल व ड्राइव्ह यांसह मिळून. दुसरे असे की या ॲपमध्ये टॅब्लेटवरील चित्र पुसले तर साठ्यातील चित्रही पुसले जाते. जागा मोकळी करावयाची असेल तर त्यासाठी दिलेला ‘फ्री अप स्पेस’ हा पर्यायच वापरावा. चुकून पुसलेले, साठ्यात गेलेले चित्र ६० दिवसांपर्यंत कचरापेटीत सापडते, नंतर नाही.

असे खाते शाळेच्या नावाने उघडावे आणि त्याचा पासवर्ड लखोट्यात घालून मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्यावा. खात्यास जोडलेला मोबाइल क्रमांक कोणाचा आहे हे पाहणे तितकेच महत्त्वाचे आहे. तो एका शिक्षकाचा असला आणि त्यांची बदली झाली की सांकेतिक आकडा दुसऱ्या तालुक्यात जाऊन पडतो आणि शाळा स्वतःच्याच दाराबाहेर उभी राहते. कार्यभार देतानाच हा क्रमांक बदलून घ्यावा.

पाठविणे आणि दाखविणे

केंद्राच्या गटावर चित्र पाठविले म्हणजे ते जतन झाले, ही समजूतही घातक आहे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविलेले चित्र वाटेतच लहान केले जाते, आणि चित्र काढल्याची मूळ तारीख व स्थळ यांची फाइलीतील नोंदही गळून पडते. पुढे शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी ते छापू गेल्यास धूसर निघते. मूळ चित्र जसेच्या तसे पाठवावयाचे असेल तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. तसे पाठविले असता स्थळाची नोंदही समवेत जाते, हे मात्र विसरू नये. गृहभेटीत काढलेल्या चित्रातून मुलाच्या घराचा ठावठिकाणा परक्यास कळू शकतो.

मुलांचे चित्र बाहेर देताना पालकांची संमती असावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणासंबंधीचा केंद्राचा कायदा २०२३ साली झाला असून त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घातले आहे. वर्षारंभीच्या पालकसभेत हा विषय घेऊन लेखी संमती घ्यावी आणि ज्यांनी नकार दिला त्यांच्या इच्छेचा मान राखावा. कायद्याच्या पलीकडेही एक विवेक आहे. गणवेश किंवा वह्या स्वीकारण्यासाठी हात पुढे केलेल्या, खाली पाहणाऱ्या मुलाचे चित्र दात्यास समाधान देते. त्या मुलास मोठेपणी ते पाहून काय वाटेल याचा विचार चित्र काढण्यापूर्वीच व्हावा. वाटप झाल्यावर नवा गणवेश घालून खेळणारी मुले दाखविली तरी पुरावा तितकाच होतो.

वर्गातील पाठ

इयत्ता सहावी व सातवीसाठी या विषयावर दोन तासिका द्याव्यात. साहित्य म्हणून टॅब्लेट, रीडर, कुलूप लावलेले कार्ड आणि फळा पुरे. पहिल्या तासिकेस कार्ड जोडून चित्रे दाखवावीत आणि विचारावे, “ही चित्रे आता कोठे आहेत?” बहुतेक मुले “टॅबमध्ये” असे उत्तर देतील. उत्तर चूक म्हणून सांगू नये. रीतसर इजेक्ट करून कार्ड एका मुलाच्या हाती द्यावे आणि तीच चित्रे पुन्हा उघडावयास सांगावे. ती उघडणार नाहीत. मग मुलांकडूनच नकल करवून, मोजणी करवून, कार्ड काढून, चित्र उघडवून घ्यावे. मुले हा फरक एकदा डोळ्यांनी पाहतील तर तो विसरणार नाहीत.

याच तासिकेस गणित जोडून घेता येते. ४,००० गुणिले ३,००० ठिपक्यांचे चित्र १,६०० गुणिले १,२०० इतके लहान केले तर किती ठिपके उरतात? १९ लाख २० हजार. म्हणजे मूळच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी. दोन्ही प्रतींवर एकच चेहरा मोठा करून पाहिला की हे अंक मुलांस डोळ्यांनी दिसतात.

दुसऱ्या तासिकेस नावे देण्याचा अभ्यास घ्यावा. चार-चार मुलांच्या गटास पाच चित्रे देऊन केव्हा, कोठे आणि काय, या तीन प्रश्नांची उत्तरे एका ओळीत लिहावयास सांगावी. “मुले उभी आहेत” असे लिहिणाऱ्या गटास विचारावे की वीस वर्षांनी हे वाचणाऱ्यास काय कळेल. मग तोच गट “ओढ्यावरील बंधाऱ्यासाठी दगड वाहताना सातवीची मुले” असे लिहू लागतो. भाषेच्या तासिकेतील वर्णनाचा हा उत्तम सराव होय.

गृहपाठ म्हणून मुलांनी घरातील एक जुने कागदी छायाचित्र, पालकांस विचारून, वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून आणावे. ते चौकटीतून किंवा अल्बममधून ओढून काढू नये. चिकटलेले असेल तर अल्बमच आणावा. दाराजवळच्या सावलीत, जेथे उजेड सर्व बाजूंनी सारखा पडतो तेथे, स्वच्छ टेबलावर चित्र सपाट ठेवून टॅब्लेट त्याच्या बरोबर वर समांतर धरावा आणि फ्लॅश बंद करून प्रतिमा घ्यावी. नंतर चित्र उलटून त्याच्या पाठीचीही प्रतिमा घ्यावी, कारण नाव, गाव, साल आणि छायाचित्रकाराचा शिक्का बहुधा मागेच असतो. नोंदवहीत चित्र कोणाकडील आहे ते लिहून, मुलाने आजी-आजोबांस विचारून आणलेली नावे डावीकडून उजवीकडे क्रमाने मांडावीत, आणि मूळ चित्र त्याच दिवशी शाळा सुटण्यापूर्वी त्याच पुठ्ठ्यांत घालून घरी परत जाईल असे पाहावे.